झालें, झालें आहे, झालें होतें

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या सडकेवर निफाड ओलांडलें कीं पुढें विंचूर लागतें. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याची ही जहागीर. गांवाच्या इतिहासांत तलवारीचा भाग मोठा आहे. परंतु ज्या इतिहासाकडे येथें श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे तो तलवारीचा नसून एका साध्या क्रियापदाचा आहे. विंचूरचा एखादा शेतकरी बाजारांतून परततां परततां म्हणतो, "सडक दुरुस्त झाली." या तीन शब्दांचें इंग्रजी करावयास बसलेल्या मुलापुढें लागलीच दोन वाटा फुटतात. 'वॉज रिपेअर्ड' म्हणावें कीं 'हॅज बीन रिपेअर्ड' म्हणावें? पहिल्या वाक्यानें सडक पूर्वीं केव्हां तरी दुरुस्त झाली एवढेंच कळतें. आज ती पुन्हां उखडलेली असली तरी तें वाक्य खोटें ठरत नाहीं. दुसऱ्या वाक्यांत झालेली दुरुस्ती आजच्या घटकेला येऊन भिडते, आणि ऐकणारा समजतो कीं आतां गाडी हांकण्यास हरकत नाहीं. मराठीतली 'झाली' या दोहोंच्या मध्यें निर्धास्त उभी असते.

यावरून मराठींत असे भेदच नाहींत असा समज कोणी करून घेऊं नये. सडक दुरुस्त झाली, झाली आहे, झालेली आहे, झाली होती, होत आली आहे, ही सारी मराठीचीच संपत्ति. 'झाली होती' म्हणतांना बोलणाऱ्याचा आवाज जो किंचित् खालीं उतरतो त्यावरून पुढचा 'पण' ऐकणाऱ्यास न सांगतां कळतो. आणखी एक गंमत आहे. हांक ऐकून घरांतला माणूस 'आलों, आलों' म्हणतो तेव्हां तो जागचा हललेलाही नसतो. सुताराकडे चाक टाकून चार दिवसांनीं विचारणा करावी तर 'झालेंच कीं' हें उत्तर मिळतें, आणि चाक भिंतीला टेकून तसेंच उभें असतें. भूतकाळाचें रूप घालून नजीकचा भविष्यकाळ दाखविण्याची ही सोय बोलतांना मोठी गोड आहे. ती अर्जांत किंवा अहवालांत शिरली कीं मात्र घोटाळा होतो. उलट इंग्रजीचाही एक हट्ट आहे. 'हॅज बीन' म्हटलें कीं शेजारीं 'यस्टरडे' हा शब्द तिला खपत नाहीं. ज्या वाक्याचें तोंड आजकडे आहे त्याच्या पाठीस कालची तारीख बांधावयाची नाहीं, असा त्या भाषेचा दंडक. मराठींत 'काल दुरुस्त झाली आहे' हें वाक्य निर्दोष असल्यामुळें आमच्या मुलांनीं तेंच उचलून इंग्रजींत ठेवलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वह्यांवर त्याच एका जागीं तांबडी रेघ उमटत आली. ही चूक आळसाची नव्हे. ती दोन व्याकरणांच्या बांधावरची आहे.

या बांधाची मोजणी पहिल्यानें झाली ती उलट बाजूनें. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं श्रीरामपुराहून मराठीचें व्याकरण छापलें तें कंपनीच्या इंग्रज नोकरांस मराठी यावें म्हणून. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं. मधल्या काळांत, १८४७ सालीं, त्यांचे सहकारी कँडीसाहेब यांनीं इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. मराठी माणसानें मराठींत लिहिलेलें आणि सर्वत्र पसरलेलें व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें, तें १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. दादोबांपुढें नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा, आणि मरे यांची काळांची नांवें विलक्षण होतीं. काम करून संपलें तरी त्या साध्या भूतकाळाला ते 'इम्परफेक्ट' म्हणजे अपुरा म्हणत, आणि 'हॅव' लावलेल्या रूपाला 'परफेक्ट' म्हणजे पुरा म्हणत. आतां सरळ विचार करणाऱ्या मुलास पुऱ्या झालेल्या कामासाठीं पुरा काळच वापरावासा वाटणार, नाहीं का? गेल्या वर्षीं विहीर बांधून झाली; काम पुरें झालें; तेव्हां 'हॅज बीन बिल्ट लास्ट इयर'. नांवानेंच त्याला फसविलें. पुरेपणा कामाचा नसून त्याच्या फळाचा, तें फळ आज हातीं आहे कीं नाहीं याचा हा प्रश्न आहे, हें मरे यांनीं व्याख्येंत सांगितलें होतें खरें. पण वर्गांत व्याख्येपेक्षां नांवच अधिक लक्षांत राहतें. पुढें कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या मतांची चिकित्सा केली, आणि १९११ सालीं मोरो केशव दामले यांनीं आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या भल्या थोरल्या ग्रंथांत साऱ्या पूर्वसूरींचीं मतें घासून पाहिलीं. परंतु तोंवर इंग्रजी शाळांतून तीन पिढ्या बाहेर पडल्या होत्या.

दोन भाषांना एकाच पानावर शेजारीं बसविण्याचें धाडस मात्र फार लौकर झालें. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें. त्याच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी आणि दुसऱ्यांत मराठी मजकूर असे. घडलेली एकच गोष्ट दोन काळव्यवस्थांतून सांगावयाची आणि दोन्ही वाचकांस ती सारखीच वाटली पाहिजे, हें काम किती अवघड आहे हें ज्यानें एकदां तरी वर्तमानपत्रासाठीं भाषांतर केलें असेल त्यास ठाऊक आहे. बाळशास्त्री त्या वेळीं विशींतले होते.

काळाइतकाच शब्दांचाही पेंच आहे. 'दुरुस्त' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ नीट, ठीक, धड. 'मरम्मत'ही बाहेरूनच आली आणि दप्तरांत रुळली. भिंतीची, वाड्याची होते ती 'डागडुजी', कपड्यास लागतें तें 'ठिगळ', आजारावर चालतो तो 'इलाज', संकटाचें होतें तें 'निवारण' आणि तक्रारीची लागते ती 'दाद'. इंग्रजींत वस्तु मोडली तर 'रिपेअर', चूक राहिली तर 'करेक्ट' किंवा 'रेक्टिफाय', व्याधि किंवा दोष असेल तर 'रेमेडी', आणि अन्याय झाला असेल तर 'रिड्रेस'. सडकेसाठीं 'रिड्रेस' मागणारा अर्ज हास्यास्पद होतो. पण सारावाढीविरुद्ध 'रिपेअर' मागणारा अर्ज नुसता हास्यास्पद होत नाहीं, तो अन्यायाला मोडतोड ठरवितो आणि सोडून देतो. शिवाय इंग्रजींत 'रिपेअर' हें स्थितीचेंही नाम आहे. जुन्या गॅझेटिअरांतून तट, विहिरी, धर्मशाळा यांचें वर्णन 'इन गुड रिपेअर' किंवा 'आउट ऑफ रिपेअर' अशा शब्दांनीं केलेलें आढळतें. केव्हां दुरुस्त झालें, कोणीं केलें, या भानगडींत न पडतां आज धड आहे कीं नाहीं एवढेंच सांगण्याची ही युक्ति मोठी सोयीची आहे, आणि जबाबदारी टाळावयाची असेल तर त्याहूनही सोयीची.

आणि 'फिक्स' हा शब्द. त्याचा मूळचा अर्थ घट्ट बसविणें, खिळविणें. मोडलेलें नीट करणें हा अर्थ त्याला चिकटला आणि रूढ झाला तो मुख्यतः अमेरिकेंत. जुन्या वळणाच्या शिक्षकांनीं तो मुलांच्या निबंधांत खपवून घेतला नाहीं. आज पुण्या-नाशिकच्या यंत्रगणकाच्या कचेऱ्यांतून तरुण मंडळी दिवसांतून दहा वेळां हाच शब्द लिहितात, आणि 'इज फिक्स्ड', 'वॉज फिक्स्ड', 'हॅज बीन फिक्स्ड' यांपैकीं कोणतें लिहावें यावर अडतात. इकडे मराठी संभाषणांत 'लग्न फिक्स झालें' म्हणजे तें पक्कें ठरलें. त्यामुळें 'फिक्स्ड प्रॉब्लेम' असा शब्दप्रयोग मराठी कानावर पडला तर सुटलेल्या अडचणीऐवजीं कायमची बसलेली अडचण असाही त्याचा अर्थ होऊं शकेल, आणि पुष्कळदां वस्तुस्थितीही तशीच असते!

या विनोदामागें एक गंभीर प्रकरण आहे. इंग्रजी अमलांत जमिनीच्या साऱ्याच्या व्यवस्थेस 'सेटलमेंट' हें नांव होतें. सेटल झालें म्हणजे निवांत बसलें, मिटलें. आपल्याकडे त्यास 'बंदोबस्त' म्हणत. तो शब्दही बांधून टाकणें याच अर्थाचा. पुणें प्रांतांत प्रिंगलसाहेबांनीं केलेली पहिली आंखणी फसली. पुढें गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापुरापासून नवी पद्धत घातली, ती १८३६ सालीं. मुदत तीस वर्षांची. मुदत सरली, फेरआकारणी झाली, सारा वाढला. कापसाचे चढे भाव मधल्या काळांत येऊन गेले होते, सावकाराचें देणें मागें राहिलें होतें. आणि मे १८७५ मध्यें सुपें येथें दंगा पेटला तो पुणें-नगर जिल्ह्यांत पसरला. जें नांवानें मिटलेलें होतें तें मिटलेलें नव्हतें. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां जो कायदा झाला त्याच्या नांवांतच 'रिलीफ' हा शब्द घालण्यांत आला. कायद्याच्या मथळ्यास काळ नसतो, हें ध्यानांत ठेवावें. सुटका झाली, होत आहे कीं होणार आहे, हें मथळा सांगत नाहीं.

असल्या शब्दांचा अर्थ सरकारला सरकारच्याच भाषेंत विचारणारे जे पहिले लोक निघाले त्यांत विंचुरापासून थोड्याच कोसांवर, निफाड येथें, १८ जानेवारी १८४२ रोजीं जन्मलेले महादेव गोविंद रानडे अग्रगण्य होत. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. १८५९ सालच्या त्याच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेंत जे मूठभर विद्यार्थी उतरले त्यांत रानडे होते. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी तिचे प्राण, आणि १८७१ पासून पुण्यास आलेले रानडे तिची लेखणी. १८७६-७७ च्या दुष्काळांत या लेखणीची कसोटी लागली. सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून जानेवारी १८७७ मध्यें सरकारी कामांवरील मजुराचें धान्य दिवसास एक पौंडावर आणलें गेलें, आणि हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. सरकारचें म्हणणें असें कीं साहाय्याची तजवीज झालेली आहे. सभेनें त्यावर आरडाओरडा केला नाहीं. गांवोगांवीं माणसें पाठवून, माहिती गोळा करून, तिनें दुष्काळाचीं निवेदनें एकामागून एक सरकारकडे धाडलीं: अमुक जिल्हा, अमुक तालुका, पाऊस किती, पीक किती, बाजारभाव काय, माणसें किती निघून गेलीं. 'तजवीज झालेली आहे' या पूर्ण काळास दिलेलें तें उत्तर होतें. ज्या वाक्यास तारीख सोसत नाहीं त्यापुढें तारखांची रांग उभी करावयाची, ही रानड्यांची रीत. त्यांच्या इंग्रजीची शैली कोणास कोरडी वाटेल. पण त्या कोरडेपणाची किंमत त्या वर्षीं पोटांत मोजली जात होती.

मात्र इंग्रजी लिहूं शकणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं. बाकीच्यांचें गाऱ्हाणें मराठींत लिहिलें जाई आणि त्याचें इंग्रजी दुसराच कोणी करी. वर्तमानपत्रांचेंही तेंच. १८६८ पासून मुंबई सरकारच्या भाषांतर-कचेरींत देशी पत्रांतील मजकुराचा गोषवारा दर आठवड्यास इंग्रजींत तयार होऊं लागला, आणि तो गुप्त असे. आपल्या 'झालें'चें तेथें 'वॉज' झालें कीं 'हॅज बीन' झालें, 'व्हावें'चें 'शुड' झालें कीं 'मस्ट' झालें, हें बिचाऱ्या संपादकास कळण्यास मार्ग नव्हता. त्याला कळे तें एकदम न्यायालयांत.

पुण्यांतला विंचूरकरांचा वाडा येथें आठवतो. लोकमान्य टिळकांचें बिऱ्हाड, त्यांचा कायद्याचा वर्ग आणि 'केसरी'चा पसारा कित्येक वर्षें त्या वाड्यांत होता. स्वामी विवेकानंद १८९२ सालीं त्यांच्याकडे उतरले ते तेथेंच. १८९७ च्या जून महिन्यांत 'केसरी'नें छापलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ समजावून दिला तो असा, कीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति. एका उपसर्गाचा हा अर्थ! नऊ ज्यूरर, सहा विरुद्ध तीन, आणि शिक्षा अठरा महिन्यांची. या अर्थावर इतका गदारोळ झाला कीं पुढच्याच वर्षीं, १८९८ मध्यें, कलम १२४-अ दुरुस्त करावें लागलें. शत्रुत्वाच्या सर्व भावना त्या शब्दांत येतात असें स्पष्ट लिहिलें गेलें, आणि त्याबरोबर असेंही कीं सरकारच्या उपायांत कायदेशीर मार्गानें बदल व्हावा या हेतूनें केलेली नापसंतीची टीका, द्वेष चेतविणारी नसेल तर, गुन्हा नव्हे.

दहा वर्षांनीं गांठ पडली ती नेमकी 'उपाय' या शब्दाशीं. मुझफ्फरपूरचा बॉम्ब ३० एप्रिल १९०८ रोजीं उडाला. ८ जून रोजीं सरकारनें स्फोटक पदार्थांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कायदे केले. ९ जूनच्या 'केसरी'च्या अग्रलेखाचा मथळा होता 'हे उपाय टिकाऊ नाहींत'. कायदे झाले, म्हणजे सरकारच्या मतें उपाय झाला. मथळ्याचें म्हणणें असें कीं झाला तरी टिकणार नाहीं. भविष्यकाळाचें एकही रूप न वापरतां नुसत्या 'टिकाऊ' या विशेषणानें पुढच्या वर्षांकडे बोट दाखविण्याची मराठीची ही लकब जशीच्या तशी इंग्रजींत नेणें सोपें नाहीं. विशेषणाचें भाषांतर होतें. त्यांतला अनुभवी माणसाचा सूर मागें राहतो, आणि मग इशाऱ्याची धमकी वाटूं लागते.

खटला १३ जुलैला न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें उभा राहिला. हेच दावर ११ वर्षांपूर्वीं बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठीं उभे राहिले होते. ज्यूरींत सात यूरोपीय आणि दोन पारशी. मराठी लेखांवरील खटल्यास मराठी जाणणारी ज्यूरी पाहिजे, ही मागणी आधींच नाकारली गेली होती. टिळकांनीं आपला बचाव आपणच केला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनीं शब्दाशब्दावर उलटतपासणी केली, आणि नंतरचें त्यांचें भाषण सर्व मिळून २१ तासांहून अधिक चाललें. त्यांतला एक मुद्दा व्याकरणाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये असा आहे. इंग्रजी राजकारणांतल्या कल्पनांस मराठींत अजून ठराविक शब्द नाहींत. संपादकास ते घाईघाईनें घडवावे लागतात. आणि अशा नव्या, कच्च्या शब्दास कोशांतला सर्वांत तिखट इंग्रजी प्रतिशब्द लावला तर लेख मूळचा राहत नाहीं. ज्या कोशांनीं साहेबांस मराठी शिकविली त्यांच्याच पानांवर एका मराठी संपादकाचें स्वातंत्र्य तोललें जात होतें. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड.

भाषांतराचा ओघ एकाच दिशेनें वाहिला असें मात्र नाहीं. इंग्रजी कायदे, जाहीरनामे आणि कचेरीचे कागद मराठींत उतरवितां उतरवितां 'हॅज बीन रिपेअर्ड' हें वाक्य मराठींत येऊन बसलें तें 'दुरुस्ती करण्यांत आली आहे' या वेषानें. बखरींत किंवा पेशवाईच्या पत्रांत असलें वाक्य शोधावयास गेल्यास श्रम पडतील. तेथें कोणीं केलें हें येतें, नाहीं तर 'झालें' येतें. 'करण्यांत आलें' हा केला-झालाच्या मधला, कर्त्याला पडद्याआड नेऊन बसविणारा प्रकार कचेरीच्या भाषांतरानेंच बळावला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें, त्याच वर्षीं जुलैंत भाषा संचालनालय निघालें, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी कारभाराची भाषा ठरली. शब्द पुष्कळ नवे आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालींच राज्यकारभाराच्या शब्दांचा मोठा कोश करविला होता आणि शिवाजी महाराजांचा राज्यव्यवहारकोश तर सर्वांच्या माहितीचा. तेव्हां शब्द बदलण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. वाक्याचा सांचा कोणीं फारसा बदलला नाहीं. आजही तक्रारीच्या उत्तरांत 'आवश्यक ती कार्यवाही करण्यांत आली आहे' असेंच येतें, आणि विंचुरास काय किंवा येवल्यास काय, तें वाचणारा पहिला प्रश्न विचारतो तो 'केव्हां?'

वास्तविक मराठीला ही अडचण नव्हती. 'यस्टरडे' न खपणारी भाषा इंग्रजी; मराठींत 'सोमवारीं पाटकऱ्यानें मोरी दुरुस्त केली आहे' असें कर्ता, वार आणि पूर्ण काळ तिन्ही एकत्र घालून लिहितां येतें, आणि शेतकरी बोलतांना तसेंच बोलतो. तारीख गाळण्याची संवय कचेरीच्या मराठीस लागली ती उसन्या घेतलेल्या वाक्याबरोबर.